फेसाला मातीचा आधार

वैशाखाच्या उन्हात देशावरील काळे रान पाहावे. जमिनीला हातभर खोल भेगा पडलेल्या असतात, आणि ढेकूळ उचलावे तर ते दगडासारखे कठीण लागते. मृगाचा पाऊस लागला म्हणजे तीच जमीन फुगते, भेगा मिटून जातात आणि असा चिखल होतो की, बैलांचे पाय त्यातून निघता निघत नाहीत. शेतकऱ्याला ही माती प्रिय, कारण ती ओल धरून ठेवते. घर बांधणाऱ्याला ती नकोशी, कारण तिच्यावर उभारलेल्या भिंतीला तडा गेल्यावाचून राहत नाही. म्हणूनच जाणता गवंडी काळी माती उकरून पाया मुरुमापर्यंत नेतो. पाण्याने फुगावे आणि उन्हाने आकसावे हा जो या मातीचा स्वभाव, तो तिच्यातील माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या कुळामुळे तिला प्राप्त झालेला आहे. नवल असे की, ज्या गुणासाठी गवंड्याने या कुळाला दूषण दिले, त्याच गुणामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अगदी निराळ्या क्षेत्रात त्याला मान मिळाला. प्लास्टिकचा फेस हा मनुष्याने बनविलेल्या अत्यंत हलक्या पदार्थांपैकी एक होय. त्या फेसाला बळकटी आणण्याचे काम या मातीकडे आले.

एका पदार्थाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे, ही युक्ती फार प्राचीन आहे. नुसत्या चिखलाची भिंत वाळताना तडकते. चिखलात गवत किंवा भाताचे तूस तुडवून घेतले म्हणजे ती एकसंध राहते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही वनस्पतींचे तंतू आणि तूस मिसळलेले आढळतात. शतकानुशतके तो पुष्कळ ठिकाणी भिंतीला धरून राहिला आहे. या उदाहरणांत माती हे शरीर आणि तंतू हा तिचा आधार. विसाव्या शतकात ही नाती उलटली. शरीर प्लास्टिकचे झाले आणि आधार मातीचा झाला. परंतु हे घडून येण्यापूर्वी दोन गोष्टी व्हावयास हव्या होत्या: फेस घट्ट थिजविण्याची कला मनुष्याला साधावयास हवी होती, आणि मातीच्या कणाच्या पोटात काय आहे, हे त्याला कळावयास हवे होते. या दोन शोधांचे प्रवाह बराच काळ एकमेकांपासून दूर वाहत होते.

हलकेपणाची गरज मनुष्याला विशेष तीव्रतेने भासली ती विमानांच्या युगात. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ हे ब्रिटिश विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याचे अंग लाकडाचे होते; पातळ प्लायवूडचे दोन पदर आणि त्यांच्यामध्ये बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा गाभा, अशी त्याची रचना होती. फळी वाकू लागली म्हणजे ताण पडतो तो मुख्यत्वे तिच्या दोन्ही पृष्ठांवर. मधल्या भागाने त्या पृष्ठांना एकमेकांपासून दूर व जागच्या जागी धरून ठेवले की पुरे. मधला भाग हलका असला तरी चालतो, हे एकदा ध्यानात आल्यावर झाडाची वाट पाहण्यापेक्षा असा गाभा कारखान्यात तयार करावा, ही इच्छा स्वाभाविक होती.

तसे प्रयत्न चालूही झाले होते. स्वीडनमधील कार्ल मुंटर्स या संशोधकाने १९३१ च्या सुमारास पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा फेस करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन या प्लास्टिकाचा मार्ग खुला केला. पुढे त्याच्या मिश्रणात पाण्याचा अंश शिरला म्हणजे वायू सुटून ते फसफसते, असे दिसून आले, आणि आजच्या गाद्या व आसने यांचा उगम त्या फसफसण्यात आहे. अमेरिकेत डाऊ कंपनीतील रे मॅकिन्टायर १९४१ च्या सुमारास विजेच्या तारांसाठी रबरासारखा लवचिक पदार्थ शोधीत होते. त्यांनी दोन द्रव्ये दाबाखाली एकत्र केली. त्यांतील एक वाफ होऊन गेले आणि हाती आला तो बुडबुड्यांनी भरलेला, मूळ पॉलिस्टायरीनच्या सुमारे तिसाव्या हिश्शाने भरणारा कडक फेस. मुंटर्सचे पेटंट आधीच अस्तित्वात आहे असे आढळल्यावर कंपनीने त्याचे हक्क मिळविले. १९५० च्या सुमारास जर्मनीतील बी. ए. एस. एफ. कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी त्याच प्लास्टिकचे दाणे वाफेने फुलविण्याची रीत काढली. लाह्यांप्रमाणे फुलून एकमेकांस चिकटणाऱ्या या दाण्यांचा ठोकळा म्हणजेच भारतातील घरोघरी परिचित झालेला थर्माकोल होय.

थर्माकोलच्या ठोकळ्यात शंभर भागांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते. ही हवा फुकटची खरी, परंतु तिची किंमत दुसऱ्या रूपाने द्यावी लागते. फेसाचे वजन निम्मे केले तर त्याचा ताठरपणा निम्मा होत नाही. पुष्कळ फेसांच्या बाबतीत तो चतुर्थांशावर येतो. वजन दशांशावर आणले तर ताठरपणा शंभराव्या हिश्शापर्यंत घसरू शकतो. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाकूड, बूच, हाड आणि प्लास्टिकचा फेस या साऱ्यांना लागू पडणारी अशी गणिते मांडली आहेत. सबब, फेस अधिक हलका करीत गेले की तो बोटाने दाबला जाईल इतका दुबळा होतो. यावर उपाय दोनच: बुडबुडे अधिक लहान व सारखे करणे, किंवा बुडबुड्यांच्या भिंती अधिक बळकट करणे. भिंती तर कागदाहून पातळ. त्यांत घालावयाचा आधार त्यांच्याहूनही पातळ हवा. काचेचा तंतू अशा भिंतीत मावत नाही. वाड्याचे सागवानी वासे पतंगाच्या कामट्यांच्या जागी घालावेत, तसा तो प्रकार होईल.

आता मातीकडे वळावयाचे. फ्रान्समधील माँमोरिलों या गावाजवळ सापडलेल्या मऊ, फिकट मातीला १८४७ मध्ये गावावरून माँटमोरिलोनाइट हे नाव मिळाले. अमेरिकेतील वायोमिंग प्रांतात सापडलेल्या आणि पाण्यात अनेक पटींनी फुगणाऱ्या मातीला विल्बर नाइट यांनी १८९८ मध्ये बेंटोनाइट असे नाव दिले. तिच्यातील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट हेच. तरीही ती का फुगते, हे कोणास उलगडले नव्हते. क्षकिरणांनी स्फटिकांचे अंतरंग पाहण्याची विद्या सिद्ध झाल्यावर तो उलगडा झाला. १९३० मध्ये लायनस पॉलिंग यांनी अभ्रकाची आणि त्याच्या जातीच्या खनिजांची थरांची रचना मांडली, आणि १९३३ मध्ये उलरिख होफमान, एंडेल व विल्म या जर्मन संशोधकांनी माँटमोरिलोनाइटाची.

ही रचना पोथीसारखी आहे. पोथीचे एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असते. मिलिमीटरचे दहा लाख भाग करावे, त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. लांबीरुंदीने मात्र पान त्याच्या शेकडो पट मोठे असते. पानांमध्ये सोडियमसारख्या मूलद्रव्यांचे विद्युद्भारित कण असतात. ते पाण्याला आपल्याकडे ओढतात. पाणी पानांच्या मधे शिरते, पाने दूर सरतात आणि माती फुगते. ऊन लागले की पाणी जाते, पाने पुन्हा जवळ येतात आणि रानाला भेग पडते. एक ग्रॅम मातीची सगळी पाने सुटी करून पसरता आली, तर त्यांच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे साडेसातशे चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांहून अधिक भरते. चिमूटभर मातीत एवढा विस्तार दडलेला आहे. फेसाच्या भिंतीत मावेल एवढा पातळ आधार पाहिजे होता, तो निसर्गाने आयता करून ठेवलेला होता. फक्त पोथी सोडवावयास हवी होती.

येथे एक अडचण होती. ही पाने पाण्याशी सख्य करतात, आणि बहुतेक प्लास्टिके तेलाच्या जातीची. दोघांचे जमत नाही. माती वितळलेल्या प्लास्टिकात टाकली तर पोथ्या न उघडता तशाच गठ्ठ्यांनी राहतात, आणि अशा गठ्ठ्यांनी बळकटी येण्याऐवजी कमकुवत जागा मात्र तयार होतात. १९४९ मध्ये जॉन जॉर्डन यांनी यावरील उपायाचे विवेचन केले. पानांमधील सोडियम काढून त्याच्या जागी लांब शेपटीचे सेंद्रिय रेणू बसविले म्हणजे मातीचा स्वभाव पालटतो. या रेणूंचे वर्तन साबणासारखे असते. त्यांचे एक टोक मातीला धरते व दुसरे तेलाला. अशी तेलप्रिय माती प्रथम वंगणांत आणि रंगांत वापरली गेली. ती रबरात व प्लास्टिकात घालण्याचेही प्रयत्न झाले, परंतु त्यांचे मोल त्या वेळी फारसे ओळखले गेले नाही.

ते ओळखले गेले जपानात. नागोयाजवळील नागाकुते येथे टोयोटा कंपनीची मध्यवर्ती संशोधनशाळा आहे. तेथे ओकादा, कावासुमी, उसुकी, कोजिमा आदी संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात नायलॉन आणि माँटमोरिलोनाइट यांचा संयोग घडवून आणला. त्यांची युक्ती साधी पण मार्मिक होती. तयार नायलॉनमध्ये माती मिसळण्याऐवजी, नायलॉन ज्या लहान रेणूंपासून बनते ते रेणूच त्यांनी मातीच्या पानांमध्ये शिरविले आणि मग त्यांची साखळी तेथल्या तेथे वाढू दिली. साखळ्या वाढल्या तशा त्यांनी पाने आतून दूर लोटली आणि पोथी सुटली. परिणाम अनपेक्षित होता. शंभरात सुमारे पाच भागच माती. पण तेवढ्याने नायलॉनचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट झाला, त्याची ताकद निम्म्याहून अधिक वाढली आणि ज्या तापमानास ते भाराखाली वाकू लागे, ते अदमासे ८० अंशांनी वर गेले. नेहमीची खनिज पूड घालून असा गुण आणावयाचा तर तिचे प्रमाण कितीतरी अधिक ठेवावे लागते. या पदार्थाचे झाकण मोटारीच्या इंजिनातील पट्ट्यावर बसविले गेले. १९९३ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात इमॅन्युएल जियानेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेले प्लास्टिक सरळ पानांमध्ये शिरविता येते असे दाखविले, आणि कारखान्यांचा मार्ग पुष्कळच सुगम झाला.

दरम्यान फेसाच्या बाजूलाही हालचाल चालू होती. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात नाम सुह यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असा विचार मांडला की, प्लास्टिकात मुळातच ज्या सूक्ष्म फटी असतात त्यांच्याहूनही बुडबुडे लहान ठेवले, तर वजन घटूनही चिवटपणा फारसा घटणार नाही. बुडबुडे लहान ठेवावयाचे म्हणजे ते असंख्य आणि एकाच क्षणी उत्पन्न करावयाचे. सोडावॉटर पेल्यात ओतले की बुडबुडे पाण्याच्या मध्यभागी क्वचितच उठतात. काचेवरील ओरखडे व धूलिकण यांच्या आधाराने ते उठतात. बुडबुड्याला जन्म घेण्यास काहीतरी आसन लागते. सात गुंठ्यांचा विस्तार पोटात घेऊन बसलेल्या मातीएवढी आसने दुसरे कोण देणार?

येथे ते दोन प्रवाह एकत्र आले. २००१ मध्ये नागोया येथील टोयोटा टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मासामी ओकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या मातीयुक्त फेसाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण केले. बुडबुडा फुगताना त्याच्या भिंती ताणल्या जातात, आणि त्या ताणाबरोबर मातीची पाने वळून भिंतीच्या अंगाला समांतर निजतात, असे त्यांस दिसले. कोणी हाताने रचावीत तशी ती रचली गेली होती. २००३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील जेम्स ली आणि डेव्हिड टोमास्को यांच्या गटाने पॉलिस्टायरीनचा फेस करून मोजमाप प्रसिद्ध केले. निव्वळ प्लास्टिकाच्या फेसातील बुडबुडे सरासरी २५ मायक्रॉनांचे होते, आणि घन सेंटिमीटरला त्यांची संख्या सुमारे २ कोटी ७० लाख. शंभरात पाच भाग माती घातली, पण तिच्या पोथ्या अर्धवटच उघडल्या, तेव्हा बुडबुडे ११ मायक्रॉनांवर आले आणि त्यांची संख्या २८ कोटी झाली. माती तेवढीच ठेवून पाने पूर्णपणे सुटी केली, तेव्हा बुडबुडे ५ मायक्रॉनांच्याही आत गेले आणि संख्या १५० कोटींवर पोहोचली. मातीचे माप दोन्ही वेळी एकच होते, विखुरणे मात्र निराळे. या सर्व इतिहासाचे सार या आकड्यांत आहे.

या प्रयोगात बुडबुडे उठविण्यास कार्बन डायऑक्साइड वापरलेला होता, आणि त्यालाही कारण आहे. पूर्वी फेस फुलविण्यास क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचे वायू सर्रास वापरीत. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी हे वायू वातावरणातील ओझोनचा नाश करतात असा इशारा दिला, आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा आंतरराष्ट्रीय करार होऊन त्यांचा वापर उत्तरोत्तर बंद होत गेला. त्यांच्या जागी आलेला कार्बन डायऑक्साइड ओझोनला निरुपद्रवी, परंतु फेसाच्या कामात हट्टी आहे. तो पॉलिस्टायरीनमध्ये कमी विरघळतो आणि त्यातून लवकर निसटतो. त्यामुळे चांगला फेस साधणे अवघड जाते. मातीने या कामी तीन प्रकारे साहाय्य केले. तिने बुडबुड्यांना आसने दिली. भिंतीत निजलेल्या पानांनी वायूची वाट अडवून त्याला वळणावळणाने जावयास लाविले. आणि भिंतीलाच बळ देऊन ती फुटण्यापासून राखली.

फेसाचा आणखी एक दोष याहून भयंकर आहे. तो पेटतो, आणि पेटला म्हणजे पळावयास अवधी देत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट वॉरविक येथे एका करमणूकगृहात आतषबाजीच्या ठिणग्या भिंतीवरील पॉलियुरेथेनच्या फेसावर पडल्या, आणि त्या आगीत शंभर माणसांचा अंत झाला. आवाज शोषून घेण्यासाठी लावलेला तो फेस होता. अशा घटनांमुळे मातीच्या दुसऱ्या एका गुणाकडे लक्ष वळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेत जेफ्री गिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच असे दाखविले होते की, शंभरात पाच भाग माती असलेले नायलॉन जळताना त्यातून उसळणाऱ्या उष्णतेचा उच्चांक साध्या नायलॉनच्या निम्म्याहूनही खाली राहतो. प्लास्टिक जळत जाते तशी मातीची पाने पृष्ठावर जमून कोळशासह एक कवच धरतात, आणि ते ज्वाळा व इंधन यांच्यामध्ये आड येते. पुढे फेसाच्या आत माती घालण्याऐवजी त्याच्या प्रत्येक रंध्राला बाहेरून मातीचे अतिसूक्ष्म लेप देण्याचीही रीत निघाली. टेक्सासमधील जेमी ग्रनलन यांच्या गटाने खेकड्याच्या जातीच्या प्राण्यांच्या कवचातून मिळणारे कायटोसान आणि माती यांचे थर एकावर एक देऊन ते करून दाखविले. हे सारवण म्हणावयास हरकत नाही.

तथापि, येथे अतिशयोक्ती करणे धोक्याचे आहे. माती आग मंद करते, ठिणगी पडताच पेटणे ती थांबवीत नाही. आणि अखेरपर्यंत बाहेर पडणारी एकूण उष्णताही तिने फारशी घटत नाही. तिच्यामुळे अवधी मिळतो, अभय मिळत नाही. पॉलिस्टायरीनच्या फेसात आग रोखण्यासाठी जे ब्रोमीनयुक्त द्रव्य वर्षानुवर्षे घालीत आले, ते सजीवांच्या शरीरांत साठत जाते म्हणून २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या कराराखाली निर्बंधित झाले. त्याची जागा एकटी माती घेऊ शकत नाही. अशा द्रव्यांच्या जोडीला राहून त्यांची मात्रा कमी करणे, एवढेच तिच्याकडून अपेक्षिता येते. शिवाय मातीला तेलप्रिय करणारे सेंद्रिय रेणू सुमारे २०० अंशांपुढे स्वतःच विघटू लागतात, आणि पुष्कळ प्लास्टिके त्याहून अधिक तापमानास वितळवावी लागतात.

या शेवटच्या अडचणीमुळे दुसऱ्या एका मातीकडे दृष्टी गेली. प्येर बेर्तिए यांनी १८२६ मध्ये वर्णिलेल्या हॅलॉयसाइट या खनिजाचे कण पोथीसारखे नसून गुंडाळलेल्या चटईसारखे, पोकळ नळ्यांचे असतात, हे १९५० मध्ये थॉमस बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. या नळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत. सबब पुष्कळदा त्या सेंद्रिय रेणूंच्या मध्यस्थीवाचूनही प्लास्टिकात विखुरतात. न्यूझीलंडमधील ही माती पूर्वी उत्तम चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होती. आता फेसाच्या भिंतींतही तिचे प्रयोग चालतात.

एक प्रश्न मात्र मातीने सुटलेला नाही. मातीने बळकट केलेला प्लास्टिकचा फेस हाही प्लास्टिकच राहतो. तो कुजत नाही. गणेशोत्सवात ज्या थर्माकोलची मखरे घरोघरी होत, त्याच्यावर महाराष्ट्र शासनास २०१८ मध्ये निर्बंध घालावे लागले, ते याच कारणाने. म्हणून काही संशोधकांनी प्लास्टिकालाच रजा देण्याचा विचार केला. मातीचे पाणीदार मिश्रण गोठवून त्यातील बर्फ निर्वातात उडवून दिले म्हणजे मातीचा कोरडा, पिसासारखा हलका सांगाडा उरतो, हे एफ. कॉल यांनी १९५३ मध्येच नमूद केले होते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डेव्हिड शिराल्डी यांनी या जुन्या रीतीचे पुनरुज्जीवन केले. २०१० मध्ये त्यांच्या गटाने दुधातील केसीन हे प्रथिन आणि माँटमोरिलोनाइट यांपासून, जीवजंतूंकडून विघटन होणारा, फेसासारखा पदार्थ तयार केला. तो थर्माकोलची जागा स्वस्ताईने घेईल किंवा नाही, हे कारखान्यांतील हिशेब ठरवितील.

शेतातील काळी माती उचलून कोणी कारखान्यात टाकावी, असा याचा अर्थ नव्हे. तिच्यात वाळू, चुना आणि इतर खनिजे मिसळलेली असतात. या कामास कच्छात निघणाऱ्या बेंटोनाइटासारखी माती लागते, आणि तीही धुऊन, निवळून घ्यावी लागते. परंतु स्वभाव दोघींचा एकच. पाहुण्याला पोटात घेऊन फुगणे, हा गवंड्याच्या लेखी तिचा दोष होता. पाण्याच्या जागी दुसरा योग्य पाहुणा आणून बसविल्यावर त्याच दोषाने पोथीची पाने सुटी केली, आणि श्वासाइतक्या हलक्या पदार्थाला उभे राहण्याचे बळ दिले. त्यासाठी माती शंभरात पाच भागच पुरली. तिचा स्वभाव ओळखण्यास मात्र माणसाला शंभरांहून अधिक वर्षे लागली.